गुडघ्याचा एमआरआय वाचताना आधी हाडं, मग लिगामेंट

गुडघ्याचा एमआरआय समोर आला की नवशिका डॉक्टर सरळ मधल्या सॅजिटल (बाजूने पाहिलेल्या उभ्या) चित्रांवर जातो आणि एसीएल (नडगीला पुढे घसरू न देणारं गुडघ्याच्या मधलं लिगामेंट) शोधू लागतो. मी त्याला तिथेच थांबवते. माझं बरंचसं काम दुखऱ्या सांध्यांचे स्कॅन वाचण्याचं आहे आणि माझा क्रम उलटा आहे: आधी हाडांवरचा मार, मग सांध्यातलं पाणी, आणि त्यानंतर लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे. लिगामेंट तुटतं त्या क्षणी गुडघ्यातली हाडं जागेवरून घसरून एकमेकांवर आपटतात. तो मुका मार हाडाच्या मज्जेत काही आठवडे दिसत राहतो. तो नेमका कुठे आहे हे पाहिलं की गुडघा कोणत्या दिशेला वळला ते कळतं, आणि कोणत्या लिगामेंटवर संशय घ्यायचा तेही कळतं. हे न पाहता एसीएलकडे धावलं की एसीएल सापडतं आणि बाकीचं राहून जातं.

रेडिओलॉजी किंवा ऑर्थोपेडिक्स शिकणारे आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी हे लिहिते आहे. हातात स्वतःची फिल्म घेऊन बसलेल्या पेशंटलाही यातलं बरंच समजेल, पण निदान मात्र त्याने गुडघा हाताने तपासणाऱ्या डॉक्टरवर सोडावं.

स्कॅनच्या आधी

फॉर्मवर बहुतेक वेळा ‘गुडघेदुखी, लिगामेंट पाहा’ एवढंच असतं. त्यातून काही हाती लागत नाही. मला तीन गोष्टी हव्या असतात. गुडघा कसा दुखावला: पाय जमिनीवर रोवलेला असताना अंग वळलं, समोरून धक्का बसला, की बाहेरून कोणीतरी येऊन आदळलं? सूज कधी आली: पहिल्या काही तासांत टम्म झाला की दुसऱ्या दिवशी? तासाभरात फुगलेल्या गुडघ्यात बहुधा रक्त असतं, आणि अशा गुडघ्यात एसीएल फाटलेलं असण्याची शक्यता मोठी. तिसरं म्हणजे लॅकमन टेस्ट केली का आणि ती कशी होती. गुडघा थोडासा वाकवून नडगी पुढे ओढली तर किती सरकते आणि शेवटी टणक अटकाव लागतो की नाही, हे अनुभवी हाताला कळतं. हे लिहिलेलं नसेल तर मी टेक्निशियनला सांगून पेशंटला मशीनवर घेण्याआधीच विचारून घेते.

एक्स-रे आधी झालेला असावा, आणि तो मी सोबत उघडते. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या कडेवरून निघालेली पातळ, उभी हाडाची कपची एक्स-रेवर सहज दिसते. एमआरआयवर तीच शोधावी लागते. हे सेगाँ फ्रॅक्चर. पॉल सेगाँ या फ्रेंच सर्जनने मृतदेहांवरच्या प्रयोगांतून १८७९ मध्येच, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या १६ वर्षं आधी, ही दुखापत वर्णन करून ठेवली. ती कपची दिसली की एसीएल फाटलेलं आहे असंच धरून पुढे वाचायचं. ते खोटं ठरण्याचे प्रसंग फार थोडे.

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, डोळ्यात गेलेला धातूचा कण यांची चौकशी खोलीत नेण्याआधी होते. पेशंटने यातलं काही लपवू नये. हाडात बसवलेले टायटॅनियमचे स्क्रू सहसा धोक्याचे नसतात, फक्त त्यांच्या आजूबाजूचं चित्र बिघडतं.

चित्रं कोणती

गुडघ्याची स्वतंत्र कॉइल (सिग्नल टिपणारं कडं), पाय १०-१५ अंश वाकलेला, स्लाइसची जाडी ३ ते ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी. फॅट सप्रेशन केलेली, म्हणजे चरबीची चमक दाबलेली, प्रोटॉन डेन्सिटी चित्रं सॅजिटल, कोरोनल (समोरून उभी), एक्सियल (आडवी) अशी तिन्ही दिशांनी, आणि फॅट न दाबलेला किमान एक सीक्वेन्स. लिगामेंटसाठी १.५ टेस्लाचं मशीन पुरतं. इंजेक्शनची गरज पडत नाही.

फॅट दाबलेल्या चित्रात पाणी आणि सूज पांढरी, चरबी करडी-काळी आणि निरोगी लिगामेंट गडद काळं दिसतं. म्हणजे काळ्यात पांढरं शिरलं की शंका घ्यायची. पण एक चकवा आधीच माहीत हवा. मशीनच्या मुख्य चुंबकीय क्षेत्राशी साधारण ५५ अंशांचा कोन करणारे तंतू कमी टीई (सिग्नल टिपण्याआधीचा वेळ) असलेल्या चित्रात उगाच उजळ दिसतात. पीसीएलच्या (एसीएलच्या मागच्या जोडीदार लिगामेंटच्या) वरच्या भागात आणि वाटीखालच्या टेंडनमध्ये हे हमखास होतं. जास्त टीईच्या टी२ चित्रात तोच भाग पुन्हा काळा झाला तर तिथे दुखापत नाही.

हाडं काय सांगतात

फॅट दाबलेली सॅजिटल चित्रं बाहेरच्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत एकदा नुसती सरकवायची. लिगामेंटकडे पाहायचंच नाही, फक्त मज्जेतले पांढरे ढग टिपायचे.

मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कॉन्डाइलच्या (खालच्या टोकाच्या गोल भागाच्या) मध्यभागी एक ढग आणि नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या पठाराच्या (वरच्या सपाट भागाच्या) मागच्या कडेला दुसरा, ही जोडी म्हणजे पायाला पीळ बसून नडगी पुढे घसरली आणि दोन हाडं भिडली. एसीएल फाटण्याची ही नेहमीची तऱ्हा. मोठ्या माणसात ही जोडी दिसली तर एसीएल शाबूत आहे असं लिहिण्याआधी मी तिन्ही दिशा पुन्हा पाहते. लहान मुलांत मात्र लिगामेंट लवचिक असल्यामुळे असा मार बसूनही एसीएल वाचलेलं असू शकतं.

नडगीच्या पुढच्या भागावर एकटाच ढग असेल तर वाकलेल्या गुडघ्यावर समोरून धक्का बसला आहे, मोटारीच्या डॅशबोर्डवर बसतो तसा. तिथे पीसीएलवर नजर ठेवायची. नडगीचा पुढचा भाग आणि त्याच्या समोर मांडीच्या हाडाचाही पुढचा भाग, असे दोन्हीकडे ढग असतील तर गुडघा उलटा, पुढच्या बाजूने वाकला. यात दोन्ही क्रुशिएट (एसीएल आणि पीसीएल) आणि मागचं कॅप्सूल (सांध्याचं आवरण), सगळंच संशयित. बाहेरच्या कॉन्डाइलवर मोठा ढग आणि आतल्या बाजूच्या लिगामेंटपाशी, म्हणजे एमसीएलपाशी, सूज असेल तर बाहेरून कोणी आदळलं आहे.

एक जोडी लोकांना चकवते. बाहेरच्या कॉन्डाइलवर ढग आहे, पण तो बराच पुढे, बाहेरच्या कडेला; आणि दुसरा ढग नडगीवर नसून वाटीच्या आतल्या कडेवर आहे. इथे वाटी निसटून पुन्हा जागेवर बसली. पेशंट ‘गुडघा निसटला’ असंच सांगतो, डॉक्टर एसीएलची शंका लिहितो, आणि खरं फाटलेलं असतं ते वाटीला आतून धरणारं एमपीएफएल. एक्सियल चित्रात ते तपासायचं.

मुलांच्या आणि तरुणांच्या हाडात लाल मज्जेचे डाग असतात. ते फॅट दाबलेल्या चित्रात करडे दिसतात, पण त्यांचा रंग स्नायूच्या जवळपास असतो आणि ते सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत सहसा पोचत नाहीत. त्यांना मार समजू नये.

पाण्याकडे एक नजर. वाटीच्या वरच्या पिशवीत चरबीचा थर वर आणि रक्त खाली असा सरळ आडवा पृष्ठभाग दिसला तर सांध्याच्या आत कुठेतरी हाड मोडलं आहे. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

एसीएल

आता एसीएल. ते मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कॉन्डाइलच्या आतल्या भिंतीवरून निघून तिरकं खाली, पुढे आणि आत येतं, आणि नडगीच्या पठाराच्या मधोमध, थोडं पुढे चिकटतं. सॅजिटल चित्रात ते दोन कॉन्डाइलांमधल्या खाचेच्या छताच्या रेषेला, म्हणजे ब्लूमेन्साट रेषेला, समांतर किंवा तिच्याहून उभं असायला हवं. ते पीसीएलइतकं एकसारखं काळं कधीच नसतं. खालच्या टोकाला तंतू पसरतात, मध्ये चरबीच्या रेघा दिसतात, आणि हे सगळं नॉर्मल आहे.

ताज्या फाटण्यात चार गोष्टींपैकी काहीतरी दिसतं: तंतू मध्येच तुटलेले, लिगामेंटच्या जागी फुगलेला पांढुरका गोळा, राहिलेला तुकडा सैल दोरीसारखा आडवा पडलेला, छताच्या रेषेशी कोन करणारा, किंवा लिगामेंट मुळीच न दिसणं. बहुतेक वेळा मधला भाग फाटतो. वरच्या टोकाशी फाटलेलं सॅजिटल चित्रात फसवतं, कारण तिथे त्याच स्लाइसमध्ये कॉन्डाइलचा भागही मिसळतो आणि चांगलं लिगामेंटही धूसर दिसतं.

म्हणून एसीएलचा निर्णय मी एकट्या सॅजिटलवर कधीच देत नाही. एक्सियल चित्रं वरून खाली सरकवा. वरच्या काही स्लाइसमध्ये खाचेच्या बाहेरच्या भिंतीला घट्ट टेकलेला लंबगोल काळा ठिपका दिसला पाहिजे. तिथे ठिपक्याऐवजी पाणी असेल तर वरचं टोक सुटलं आहे. कोरोनल चित्रात हीच भिंत उघडी आणि चरबीने भरलेली दिसते. तिन्ही दिशा एकच गोष्ट सांगत असतील तर लिहायला वेळ लावू नये.

तरीही डळमळतंय? मग आजूबाजूच्या खुणा मोजा. बाहेरच्या कॉन्डाइलच्या मधल्या सॅजिटल स्लाइसवर कॉन्डाइलच्या मागच्या कडेला टेकणारी उभी रेषा काढा आणि नडगीची मागची कड तिच्या किती पुढे आहे ते पाहा. ७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर नडगी पुढे घसरली आहे. ५ मिलिमीटरलाच मी सावध होते. नडगी अशी घसरली की बाहेरच्या मेनिस्कसचं (हाडांमधल्या चंद्रकोरीसारख्या गादीचं) मागचं शिंग पठाराच्या मागे उघडं पडतं आणि पीसीएल सैल होऊन जास्त बाक घेतं. बाहेरच्या कॉन्डाइलवरची मूळची उथळ खाच दीड-दोन मिलिमीटरपेक्षा खोल दबलेली असेल तर तीही त्याच आपटण्याची खूण. या खुणा असल्या तर निदान पक्कं होतं, पण नसल्या म्हणून एसीएल चांगलं ठरत नाही. हा मुद्दा परीक्षेत सगळ्यांना येतो आणि कामाच्या गर्दीत सगळे विसरतात.

एसीएल पूर्ण फाटलंय का, याला एमआरआय फार चांगलं उत्तर देतो. अनेक अभ्यासांत अचूकता ९० टक्क्यांच्या वर आहे. अर्धवट फाटण्याचं तसं नाही. काही तंतू सलग, काही धूसर, कोन ठीक, नडगी जागेवर, अशा वेळी ‘अर्धवट फाटल्याची शक्यता’ एवढंच लिहावं आणि किती तंतू शिल्लक आहेत याचा टक्का काढायच्या भानगडीत पडू नये. तो टक्का मागणारे सर्जन असतात. मी देत नाही.

दोन सोंगं ओळखता यायला हवीत. पहिलं म्युकॉइड डिजनरेशन: एसीएल जाड, पांढुरकं, पाहताक्षणी फाटलेलं वाटेल असं, पण नीट पाहिलं तर आत लांबीने जाणाऱ्या काळ्या रेघा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहेत, कोन बरोबर आहे, हाडाला मार नाही आणि पेशंटला कुठली दुखापत आठवत नाही. तपासणीत गुडघा घट्ट असतो. दुसरं सोंग जुन्या फाटलेल्या एसीएलचं. सूज ओसरलेली, ढग विरलेले, आणि सुटलेलं टोक पीसीएलला चिकटून पुन्हा काळं झालेलं. दिसायला लिगामेंट आहेच! फक्त ते प्रमाणाबाहेर आडवं असतं आणि वरची भिंत रिकामी असते. इथे एक्सियल चित्रं वाचवतात.

लहान मुलांत लिगामेंटऐवजी नडगीवरचा हाडाचा उंचवटाच उखडून येऊ शकतो. तसं असेल तर तुकडा किती वर उचलला गेलाय ते मिलिमीटरमध्ये लिहायचं.

पीसीएल

हे जाड, कमानदार आणि एकसारखं काळं असतं, त्यामुळे सोपं वाटतं. गंमत अशी की फाटल्यावरही ते बऱ्याचदा सलगच दिसतं. एसीएलसारखी तुटलेली टोकं शोधत बसलं तर पीसीएलची दुखापत निसटते. त्याची जाडी मोजा: सॅजिटल चित्रात उभ्या भागाची पुढून मागे जाडी ७ मिलिमीटर किंवा अधिक आणि आत करडा रंग, म्हणजे फाटलेलं समजावं. मागे नडगीला जिथे चिकटतं तिथे हाडाचा तुकडा निघालाय का हे आवर्जून पाहावं, कारण तो तुकडा वेळेत बसवता येतो.

पीसीएलच्या पुढे किंवा मागे बारीक काळा ठिपका दिसला तर दचकू नका. पुढचा हम्फ्री, मागचा रिसबर्ग, दोन्ही नेहमीची छोटी लिगामेंटं. मात्र पीसीएलच्या खाली त्याच्याशी समांतर दुसरा जाड काळा पट्टा असेल, तर तो आतल्या मेनिस्कसचा फाटून मध्ये उलटलेला भाग असतो, आणि गुडघा अडकून बसल्याचं कारणही तेच.

आतली बाजू

एमसीएल कोरोनल चित्रात पाहतात आणि यात फारसं गूढ नाही. तंतू सलग आणि भोवती सूज ही पहिली पायरी, काही तंतू तुटलेले ही दुसरी, पूर्ण तुटून लहरी झालेले ही तिसरी. भोवती नुसतं पाणी दिसलं म्हणून लगेच पहिली पायरी लिहू नये. आतला मेनिस्कस फाटला असेल किंवा सांधा झिजला असेल तरी तिथे पाणी येतं.

लोक खालचं टोक पाहायचं विसरतात. वरवरचा पट्टा सांध्याच्या रेषेपासून सुमारे ६ सेंटिमीटर खाली नडगीला चिकटतो. चित्र त्याच्या आतच संपत असेल तर टेक्निशियनकडून खालपर्यंतची चित्रं मागवा. तिथून सुटलेलं टोक कधी कधी शेजारच्या टेंडनांच्या वर जाऊन बसतं आणि मग आपोआप जुळत नाही. एमसीएल एरवी आधाराचा पट्टा बांधून बरं होणारं लिगामेंट आहे, पण या एका प्रकारात सर्जनला आधी कळलेलं बरं.

बाहेरचा मागचा कोपरा

माझ्या मते रिपोर्टांत सर्वात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. एसीएल सापडलं की वाचणाऱ्याचं समाधान होतं. पण हा कोपरा सैल राहिला आणि नुसतं एसीएल नवं बसवलं, तर त्या ग्राफ्टवर रोज जादा ताण येतो आणि तो निकामी होऊ शकतो.

एलसीएल, म्हणजे बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, एका कोरोनल स्लाइसमध्ये पूर्ण दिसत नाही. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यापासून ते मागे आणि खाली जातं, म्हणून पुढच्या स्लाइसपासून मागच्या स्लाइसपर्यंत त्याचा पाठलाग करत फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्यापर्यंत पोचायचं. तिथेच मांडीमागच्या बायसेप्स स्नायूचं टेंडन येऊन मिळतं. मग गुडघ्यामागच्या पॉप्लिटियस स्नायूचं टेंडन त्याच्या खाचेपासून स्नायूपर्यंत पाहायचं. त्या टेंडनला फिब्युलाशी जोडणारं पॉप्लिटिओफिब्युलर लिगामेंट बारीक असतं आणि प्रत्येक स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. मात्र त्या जागी सूज असेल तर तसं लिहावं. फिब्युलाच्या टोकावरून हाडाची कपची निघाली असेल तर हा कोपरा गेला. आतल्या कॉन्डाइलच्या पुढच्या भागावर ढग असेल तरी इकडे यावं, कारण आतून-पुढून आलेला मार बाहेरचा मागचा कोपरा ताणतो. फिब्युलाच्या मानेला वळसा घालून जाणारी कॉमन पेरोनिअल नस सुजलीय का हेही पाहावं; पाऊल वर उचलता येत नाही अशी तक्रार असेल तर नक्कीच.

दोन्ही क्रुशिएट आणि एक बाजूचं लिगामेंट असं सगळं फाटलेलं दिसलं, तर गुडघा पूर्ण निखळून आपोआप जागेवर बसला असावा, असं धरून चालावं. एक्स-रेवर तेव्हा सगळं जागेवर दिसतं. गुडघ्यामागच्या पॉप्लिटियल धमनीत वाहत्या रक्ताचा नेहमीचा काळा गोल दिसतो का, भोवती रक्त साकळलंय का ते पाहायचं, आणि रिपोर्ट टाइप होण्याची वाट न पाहता सर्जनला फोन करायचा. धमनी वरून ठीक दिसली तरी आतल्या थराला चीर असू शकते, म्हणून पायाचा रक्तपुरवठा तपासायला सांगायचंच.

मेनिस्कस, ओझरता

एसीएल, एमसीएल आणि आतला मेनिस्कस एकत्र फाटतात, ही त्रिकुटाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ताज्या एसीएलच्या दुखापतीत प्रत्यक्षात बाहेरचा मेनिस्कस जास्त वेळा फाटलेला सापडतो, विशेषतः मागच्या मुळाशी. आतल्या मेनिस्कसच्या मागच्या शिंगाच्या आणि कॅप्सूलच्या मध्ये पाण्याची पातळ उभी रेघ दिसली तर रॅम्प लीजनची शंका लिहावी. ती नुसती पुढून दुर्बीण घालून पाहताना निसटू शकते, म्हणून सर्जनला आधी सांगितलेलं उपयोगी पडतं.

रिपोर्ट

कोणतं लिगामेंट, वरच्या टोकाशी की मध्ये की खाली, पूर्ण की अर्धवट, ताजं की जुनं, हाडाचा तुकडा आहे का, हे पहिल्या दोन-तीन ओळींत यावं. जागा सांगणं महत्त्वाचं आहे: हाडाजवळ, वरच्या टोकाशी सुटलेलं एसीएल काही पेशंटमध्ये पुन्हा शिवता येतं, मध्ये चिंध्या झालेलं सहसा नाही. मग मेनिस्कस, कूर्चा, आणि जे शाबूत आहे त्याची नोंद. ऑपरेशन करावं की नाही हे रिपोर्टमध्ये लिहायचं नसतं. पूर्ण फाटलेल्या एसीएलसहही व्यायामाने गुडघा स्थिर ठेवणारी माणसं असतात. तो निर्णय गुडघा किती लचकतो आणि पेशंटला त्याच्याकडून काय काम हवंय यावर ठरतो.

‘तपासणीशी ताडून पाहावे’ हे शेवटी चिकटवायचं वाक्य मी टाळते. ताडून पाहायचं असेल तर मीच फोन करून विचारते. लॅकमन स्पष्ट सैल आहे आणि मला एसीएल शाबूत दिसतंय, असं झालं तर मी वरची भिंत एक्सियलमध्ये पुन्हा पाहते, नडगीचं घसरणं पुन्हा मोजते, बाहेरचा मागचा कोपरा आणि पीसीएल नव्याने बघते. पीसीएल फाटून नडगी आधीच मागे पडलेली असेल तर ती पुढे ओढल्यावरही लॅकमन सैल असल्याचा भास होतो. एवढं करूनही मेळ बसला नाही तर दोन्ही गोष्टी जशा आहेत तशा रिपोर्टमध्ये लिहिते, आणि भूल देऊन तपासणी किंवा दुर्बिणीने पाहणं हे सर्जनवर सोडते.